चार आणे होडी

माझ्या वाट्याला आली चार आणे होडी.
कुठले चार आणे, ते ठरलेलं नाही.
तळाचे म्हणावेत तर तिथं उतेकर झोपतो
दोन फळ्यांच्या मध्ये, घोरत,
आणि त्याच्या घोरण्यानं डोलकाठीची तार वाजते
असं मुजावर शपथेवर सांगतो.

मालवणहून ट्रकात आडवी पडून आली ती.
कासच्या वळणावर काठी अडकली जांभळीत,
मागं एसटी खोळंबली.
कंडक्टर खाली उतरून म्हणाला,
समुद्र तिकडं राह्यला की वो!

ज्यांना सगळे कप्तान म्हणतात ते साळोखे
खरं तर बोटीवर भांडारी होते, सदतीस वर्षं,
चाळीस माणसांचा भात.
इथं बामणोलीत चौफेर गोडं पाणी,
काठावरून हात सोडला की ओंजळ भरते,
तरी त्यांची अंघोळ एका मगात.
आधी डोकं, मग मान, मग उरलेलं अंग,
शेवटचा घोट पावलांना.
म्हटलं, बादली टाका की बाहेर.
म्हणाले, पाणी दिसतंय म्हणून वापरायचं नसतं, सिस्टर.

दुपारी दोनला वासोट्याच्या बगलेतून वारा सुटतो.
तोपर्यंत स्टोव्हवरचा चहा गाळून व्हायला हवा,
नाहीतर तो आपोआप उतेकरच्या गादीवर गाळला जातो.
शिडाला ठिगळ आहे निळं,
मेढ्याच्या ताडपत्रीवाल्यानं घातलेलं.
लांबून आमच्या दवाखान्यातल्या बायका ओळखतात,
ती बघा, बाईंची ठिगळाची.

वही साखरेच्या डब्याशेजारी.
दोर, तीनशे चाळीस.
रॉकेल. वात. पुन्हा दोर.
तळातलं पाणी उपसण्याची पाळी: मंगळवार मुजावर
(खोडलेलं), मंगळवार मी.
कांद्यावरून झालेलं भांडण कुणीच लिहिलं नाही
पण त्या पानावर तेलाचा डाग आहे.

साळोखे एकदा सांगत होते कुठल्याशा बेटांचं,
तिकडचं ऊन, तिकडचे नारळ,
लोक कसे महिनोन् महिने शिडाच्या बोटीवर राहतात
पाचपाच सहासहा जण, एकाच पातेल्यात.
मुजावरची रुबीना नववीत आहे.
तिनं भूगोलाच्या नकाशावर बोट ठेवलं:
काका, आपणपण उष्ण कटिबंधातच.
साळोखे नकाशाकडं बघत राहिले.
मग उठून पातेलं घासायला घेतलं,
पाळी नसताना.

मे महिन्यात पाणी इतकं हटलं
की एका सकाळी जाग आली ती घसरूनच.
होडी चिखलात, डाव्या कुशीवर.
दर उन्हाळ्यात शेतं उघडी पडतात इथं,
पण इतक्या खालची यंदाच.
उतेकर चड्डीवर उतरला.
बांधाबांधानं गेला, घोट्याएवढा रुतत.
बापानं सांगितलेलं एवढंच त्याच्याकडं होतं:
वळणाला दोन धोंडे, वरचा पांढरा.
बऱ्याच वेळानं हाक आली नाही,
नुसता हात वर झाला.

आम्ही कुणी काही बोललो नाही.
मुजावरनं खाली उतरून नुसतीच चप्पल काढली.
संध्याकाळी उतेकरनं वही मागितली
आणि मोठ्या अक्षरात लिहिलं:
मुक्काम, आमच्या शेतात. भाडं नाही.

सात आठवडे आम्ही पाळीपाळीनं तिरपे झोपलो.
कप तिरपा धरायला शिकलो,
भात पातेल्यात एका अंगाला लागायचा
तर त्या अंगाचा करपा कुणाचा, हेही ठरलं.
माझी मान अजून डावीकडं कलते,
दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं,
काय झालं, मी म्हटलं, जमीन लागली.

जुलैत एका रात्री होडी उचलली गेली.
आवाज नाही, धक्का नाही.
सकाळी चहा कपात सरळ उभा.
मुजावर डोळे चोळत म्हणाला,
रात्रभर झोप नाही बघा, काहीतरी बिघडलंय,
आणि काठावरून शोधून आणलेली एक वीट
उशीखाली, उजव्या बाजूला, सरकवली.
साळोखे वाकून पाण्यात बघत होते.
मग दुसरा मग भरला.